खतीब सरांचा रविवारचा तास

खतीब सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी कडी बघत. खोलीत कोण बसलं आहे, आपली खुर्ची कोणती, हे नंतर. कडी आतून नीट लागते का आणि लागली तर एका झटक्यात उघडते का, एवढं नजरेनंच तपासून मग ते "नमस्कार" म्हणत. बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत कपाटाला लागून एक मोडकी खुर्ची होती. ते आमच्याकडे यायला लागल्यापासून ती त्यांचीच झाली, कारण तिथून दार, खिडकी आणि जिना तिन्ही दिसत.

इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. फटाके, मोटारसायकलचा फाटका सायलेन्सर, पाल, शिक्षण खात्याची जीप, गणपतीचे ढोल, मोहरमचे ढोल, सगळ्यांना ते सारखेच घाबरत. मागून कुणी "सर" म्हटलं की आधी खांदे वर जात आणि मग मान वळे. शहरात काही झाल्याची नुसती कुजबुज ऐकली की ते आटा, कांदे, मेणबत्त्या आणि मीठ घेऊन घर गाठत. मी एकदा विचारलं, "मीठ कशाला, सर? मीठ तर असतंच घरात."

"बाकी सब के बिना चलतं हो, जाधव सर," ते म्हणाले. "मीठ मागायला मात्र शेजारच्या दारात जावं लागतं."

एरवी ते असं दखनी मिसळलेलं मराठी बोलत. भीती वाटली की त्यांचं मराठी एकदम शुद्ध होई. सगळं शिक्षण उर्दूत झालेला हा माणूस. नोकरी टिकवायला खात्याची मराठीची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा त्यांनी सरकारी परिपत्रकं वाचून मराठी पाठ केलं होतं. त्यामुळे घाबरले की ते परिपत्रकासारखे बोलत. एकदा फळ्यामागून पाल निघाली. सर बाकावर चढून म्हणाले, "सदर पाल कृपया तात्काळ बाहेर काढण्यात यावी." मुलं आठवडाभर हसत होती. मीही हसलो. पुढे हेच मराठी मी अशा एका वेळी ऐकलं, की तेव्हापासून मला ती पालही हसवत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी गुलमंडीजवळच्या एका संस्थेच्या शाळेत गणिताचा नवा शिक्षक होतो. आमच्याकडे वकील, डॉक्टर, कापडवाले यांची मुलं येत. चालत थोड्या अंतरावर एका दलित वस्तीला लागून महापालिकेची शाळा होती आणि छावणीत एक उर्दू शाळा. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की तेच चित्र. आमच्याकडे एखाददुसरा नापास, आणि त्या दोन शाळांत गणितात निम्मा वर्ग गळालेला. आमच्या शिक्षकखोलीत यावर दोनच शब्द ठरलेले होते: "घरचं वातावरण." एवढं म्हणून झालं की सगळे चहाकडे वळत. मीही तेच म्हणत असे. मी स्वतः खेड्यातून आलेला, शेतकऱ्याचा मुलगा. घरी दहावी झालेला मी पहिलाच. तरी म्हणत असे.

आमच्या मुख्याध्यापिका वैद्य बाईंना मात्र त्या दोन शब्दांचा राग येई. त्यांनी दोन्ही शाळांत खेपा घातल्या आणि ठरवलं, की तिन्ही शाळांच्या दहावीच्या मुलांचा रविवारी सकाळी गणिताचा एकत्र तास घ्यायचा. आळीपाळीनं एकेका शाळेत. शिकवणारेही तिन्ही शाळांचे. महापालिकेच्या शाळेतले सर दोनदा आले, मग त्यांच्या शिकवण्या आड आल्या. उर्दू शाळेतून कुणीच यायला राजी नव्हतं. तेव्हा त्यांनी 'नाही' म्हणायलासुद्धा घाबरणाऱ्या माणसाला पाठवून दिलं. ते खतीब सर.

पालकांच्या पहिल्या सभेला आमच्या केदारचे वडील उभे राहिले. केदार वर्गात पहिला येणारा मुलगा, वडील वकील.

"आमच्या मुलांनी रविवारी सकाळी छावणीत जायचं? रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कुणाची, बाई?"

वैद्य बाई बोलणार तेवढ्यात कपाटाजवळून आवाज आला, "सदर जबाबदारी माझी राहील."

"तुमची? तुम्ही काय करणार?"

"मला भीती वाटते, साहेब," सर म्हणाले. "ज्याला वाटत नाही तो पोरांना रस्त्यात सोडून पान खायला थांबतो. मी नाही थांबणार."

वकीलसाहेब हसले आणि खाली बसले. हसू आलं की परवानगी देणं सोपं जातं.

सर छावणीहून गुलमंडीला चालत येत. बसनं नाही, टेंपोनं तर नाहीच. मला वाटायचं, चिकट माणूस असेल. तास छावणीत असला की ते आमच्या मुलांना न्यायला येत आणि नंतर पोचवायलाही येत. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शेवटचं पोर घरात शिरेपर्यंत हलत नसत. मी त्यांच्याबरोबर असे. वाटेत ते प्रत्येकाला सलाम-नमस्कार करत. कापडवाले शेठ, टेलर, सोडावाला, पिठाच्या गिरणीतला माणूस, चौकीतला हवालदार. "शेठजी, तब्येत काय म्हणते?" "मास्टर, शेरवानी झाली का दूल्ह्याची?" मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. म्हटलं, "सर, तुमच्या ओळखी लई आहेत."

ते चालता चालता म्हणाले, "ओळखी कुठल्या. दारं आहेत."

"म्हणजे?"

"टेलरचं दार मागे गल्लीत उघडतं. गिरणीत वर जायला जिना है. शेठजींचं शटर आतून लागतं, अंदर पंधरा पोरं मावतात. रोज सलाम केला तर त्या दिवशी दार उघडतील ना? बिना ओळखीचं कोण उघडतं, मियाँ."

त्या रस्त्यानं मी रोज जात होतो. शर्टाचं कापड घेत होतो, सोडा पीत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी शटरकडे शटर म्हणून बघितलं. या शहरात मी कधी घाबरलो नव्हतो. ती माझी हिंमत आहे, असं मी तोवर समजत होतो.

वर्गात त्यांचा एक नियम होता. कुणालाही फळ्याशी बोलवायचं नाही. "फळ्याशी गेलं की पोराची पाठ वर्गाकडं होते. ज्याला लोक हसतात त्याला पाठ करून उभं करू नये." आमच्याकडची मुलं चुरूचुरू बोलत. वस्तीतली आणि उर्दू शाळेतली मुलं मागच्या बाकांवर बसून वह्यांचे कोपरे दुमडत. त्यांतच लता साळवे होती, महापालिकेच्या शाळेतली. आई शहागंजात भाजी विकायची. लता चाचणीच्या कागदावर सुंदर समास आखायची, नाव लिहायची आणि कागद कोराच द्यायची.

"हिला काहीच येत नाही, सर," मी म्हणालो.

"येतं. कान मागे आहेत तिचे. कोण हसलं, कोण कायकू हसलं, तेच ऐकत बसते. पुढून गणित जाणार कसं?"

मग त्यांनी जोड्या लावल्या. तिन्ही शाळांची सरमिसळ करून. जोडीतल्या एकानं तोंडानं गणित सोडवायचं आणि दुसऱ्यानं फक्त लिहायचं. कमी मार्क असलेल्यानं बोलायचं, पहिला येणाऱ्यानं लिहायचं. चूक सांगितली तरी चूकच लिहायची. केदारच्या वाट्याला लता आली.

"सर, मग मी काय करू?" केदार वैतागून म्हणाला.

"तू हात है. हात बोलत नाही."

पहिले काही रविवार लता "मुलाचं वय क्ष मानू" एवढं म्हणून गप्प होई. केदार पेन धरून बसलेला, नाकपुड्या फुगलेल्या. सर खिडकीबाहेर बघत. मला घाई व्हायची. परीक्षा जवळ येत होती. सरांना नसे. एका रविवारी ती म्हणाली, "मुलाचं वय क्ष. बापाचं... क्ष उणे तीस."

केदारचं पेन थांबलं. त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. त्यानं दात खाऊन लिहिलं. लता पुढे सांगत गेली, तो लिहीत गेला, आणि मध्येच ती थांबली. वहीत डोकावली. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! सर, आमचा बाप पोरापेक्षा ल्हान निघाला!"

सगळा वर्ग फुटला. त्या आवाजानं सर आधी दचकले, मग तेही हसायला लागले. "मग त्याला शाळेत घाला आधी," म्हणाले.

"सर, आता सांगू का मी?" केदार म्हणाला.

"ए, थांब रे," लता म्हणाली. "मी सांगते. उणे खोड. अधिक लिही."

केदारनं लिहिलं. पुढच्या आठवड्यात तीच त्याला विचारायला लागली, "पण हे असंच का करायचं?" आणि केदारला उत्तर पाठ होतं, कारण ठाऊक नव्हतं. तो रात्री पुस्तक काढून बसतो, असं त्याच्या वडिलांनी मला जरा संशयानंच सांगितलं.

थंडीत एकदा तास संपल्यावर आम्ही छावणीतल्या शाळेच्या पायरीवर चहा घेत होतो. बोलता बोलता मी माझ्या गावाचं सांगितलं. अजिंठ्याच्या वाटेवरचं लहानसं गाव. सरांनी कप खाली ठेवला.

"आमचंही एक गाव होतं. तिकडं नाही, दुसरीकडं. अठ्ठेचाळीसला पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "ट्रक आला. आमच्यातल्या मोठ्या माणसांना बोलले, चौकशी है, बसा. अब्बा बसले. मला बोलले, दुपारपर्यंत येतो. मग मागची फळी वर केली. तिचा आवाज होतो ना, तसा झाला."

"कोण होते, सर? वर्दीतले होते?"

"फळी याद आहे," ते म्हणाले. "बाकी नाही." आणि कप उचलून त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. ते बस-टेंपोत का बसत नाहीत, हे मी पुन्हा विचारलं नाही.

त्या संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मी आण्णांना, माझ्या वडिलांना विचारलं, आपल्या गावात तेव्हा काय झालं होतं? आण्णा बैलांपुढे कडबा टाकत होते. "काय व्हायचंय? रझाकाराच्या भ्यानं आम्ही रानात निजत व्हतो, त्ये इचार." ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि ते खरं होतं. त्याच्या पुढचं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. "त्येच्या पुढं, आण्णा?" तर म्हणाले, "पुढं काय नाय," आणि गोठ्यातून निघून गेले. नंतर मला वाढताना आई हळूच म्हणाली, "वड्याकडची बुजिवलेली हीर हाय ना, तिकडं जाऊ नगंस. आन् त्येन्ला काय इचारू नगंस."

त्या विहिरीची जागा सपाट आहे. शाळेत असताना आम्ही तिथं क्रिकेट खेळायचो. हे मी खतीब सरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटत नाही.

परीक्षा महिन्यावर आली आणि शहर बिघडलं. कशावरून, हे सांगून आता उपयोग नाही. जो तो आपापली सुरुवात सांगतो. कर्फ्यू लागला. सकाळी दोन तासांची ढील मिळे, दूध-भाजी आणायला. मला वाटलं, सर आता आपला आटा, कांदा आणि मीठ घेऊन दाराआड बसले असतील. तर एका ढिलीत ते माझ्या खोलीच्या दारात उभे. ओठ पांढरे पडलेले, हातात भाजीची पिशवी.

"तास घेऊ," म्हणाले.

"सर, वेड लागलं का? आत्ता?"

"डरून घरात बसलेली पोरं एकच विषय पाठ करतात. तो परीक्षेला येत नाही. लता कोरा कागद देऊन येईल पुन्हा. इतके रविवार गेले त्याचं काय?"

"पण तुम्हाला भीती..."

"मला वाटते म्हणूनच तर आलो. तुम्हाला वाटत असती तर तुम्ही आला असता."

वैद्य बाईंनी मला किल्ली दिली आणि शिपायाला काही सांगू नका म्हणाल्या. आमची शाळा मध्ये पडत होती म्हणून तास तिथंच. आठ-दहा मुलं येत, भाजीला निघाल्यासारखी. पिशवीत खाली बीजगणित आणि वर मेथीची जुडी. तासभर गणित करून ढील संपायच्या आत सर त्यांना आपापल्या वाटेला लावत. तीन-चार दिवस असं चाललं. मुलं हळू आवाजात बोलत, जोडीदार लिहीत. त्या दिवसांत वर्गात मेथीचा वास असे.

मग एक दिवस तास निम्म्यावर असताना खालून आवाज आला. गुलमंडीच्या एका टोकाकडून शटर पडायला लागली. एक, मग दुसरं, मग सलग, आमच्याकडे येत येत आमच्या खालून पुढे गेली. पाठोपाठ जीपवरचा कर्णा. कुठंतरी दगड पडला होता. ढील रद्द. रस्त्यावर दिसेल त्याच्यावर कारवाई होईल.

सर खडू हातात धरून उभे होते. म्हणाले, "विद्यार्थ्यांनी कृपया शांतता राखावी. खिडकीजवळ जाऊ नये. पुढील सूचना देण्यात येतील." आवाज कोरडा, खणखणीत. कुणीही हसलं नाही.

"सर, माझी माय शहागंजात हाय," लता म्हणाली.

"माझं घर दोन गल्ल्यांवर आहे, मी पळत जातो," केदार म्हणाला.

"पळायचं नाही," सर म्हणाले. "पळणारा माणूस कुणाचाच नसतो."

आम्ही बसून राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. लांबून आरडाओरडा आला, मग काहीतरी फुटल्याचा आवाज, मग नुसती शांतता. ती शांतता जास्त वाईट होती. मी मुलांकडे बघत नव्हतो, कारण मी घाबरलो होतो आणि मी गणिताचा शिक्षक होतो, मोठा होतो, माझं आडनाव जाधव होतं, आणि या रस्त्यावर मला काही होणार नाही असं मी आजवर धरून चाललो होतो.

खालचं फाटक जोरात वाजलं. "कोण आहे आत? बाहेर या!"

पोलीस होते. आम्ही हात वर करून खाली गेलो. अंगणात एक इन्स्पेक्टर, दमलेला, दाढी वाढलेली. मुलांना बघून तो थांबला.

"मास्तर, अक्कल गहाण टाकली का? या वेळेला पोरं घेऊन बसलात?"

"दहावीची आहेत, साहेब," मी म्हणालो.

"असू दे. चला, चढा गाडीत. एकेकाला घरी सोडतो."

फाटकाबाहेर मोठी गाडी उभी होती. मागची फळी साखळीवर खाली लोंबत होती. मुलं चढायला लागली. केदार चढला. लता फळीजवळ जाऊन थांबली. मागच्या गडबडीत वस्तीतली पोरं अशाच गाडीतून नेली होती, त्यांत तिचा भाऊ होता.

"लता, चढ," मी म्हणालो.

"मी नाय चढत. खतीब सर चढले तर चढते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सर फाटकाच्या भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्या फळीकडे बघत होते. मी इन्स्पेक्टरला म्हणालो, "साहेब, सर शाळेतच थांबतील. मी जातो मुलांबरोबर."

"कुणी कुठं थांबायचं नाही. चला, आटपा."

"सदर वाहनात बसणे," सर म्हणाले, "सदर वाहनात बसणे मला शक्य होणार नाही."

"काय?" इन्स्पेक्टर म्हणाला.

मी त्यांच्या अब्बांचं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लताला काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ती मागे आली, सरांच्या समोर उभी राहिली. "सर, तुमी तिकडं नका बघू. माझ्याकडं बघा. मी बोलते, तुमी करा." सर तिच्याकडे बघायला लागले. "चला दोन पावलं. हां. आता उजवा पाय ह्या लोखंडावर. साखळी धरा. घट. आता दुसरा पाय उचला." केदारनं वरून हात पुढे केला. सर चढले. त्यांच्या मागून लता चढली, तिच्या मागून मी. एका पोलिसानं फळी वर केली.

तो आवाज झाला. सर बाकड्यावर बसले होते, गुडघ्यांवर हात. मी त्यांच्या पँटकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. केदार त्यांच्या शेजारी सरकला. आपली भाजीची पिशवी त्यानं त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सर, जरा धरता का? हात दुखतोय माझा."

सरांनी पिशवी धरली. वाटभर तशीच धरून ठेवली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, प्रत्येक वेळी फळी पडली आणि वर झाली, आणि प्रत्येक वेळी पोर दारातून आत जाईपर्यंत सर मान वळवून बघत राहिले. केदार उतरला, त्यानं पिशवी मागितली नाही. लताची आई वस्तीच्या तोंडाशीच उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी. छावणी शेवटी आली. सर माझा खांदा धरून उतरले. जमिनीवर उभे राहिले.

"दुपार झाली का हो?" त्यांनी विचारलं.

"झाली, सर."

त्यांनी मान हलवली आणि केदारची मेथी घेऊन घराकडे चालू लागले.

कर्फ्यू उठला, परीक्षा झाली, निकाल लागला. रविवारच्या वर्गातली बहुतेक मुलं गणितात पास झाली. लताला आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांपेक्षा जास्त मार्क पडले. वैद्य बाई पेढे घेऊन स्वतः वस्तीत गेल्या. आणि त्याच महिन्यात संस्थेची सभा भरली. आमची मुलं पोलिसांच्या गाडीतून फिरली, ही गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. वकीलसाहेब सर्वांत जोरात बोलले. वैद्य बाई एकट्या भांडल्या. मीही बोललो, पण जेवढं बोलून नोकरी राहील तेवढंच. एकत्र वर्ग बंद करायचा ठराव झाला.

ते सरांना सांगायला कितीतरी दिवस माझा पाय निघेना. पुढच्याच वर्षी मी जालन्याला दुसऱ्या शाळेत गेलो, आणि सर गेल्याचं मला खूप नंतर, कुणाकडून तरी उडत उडत कळलं. त्यामुळे मला ते शेवटचे दिसले ते त्या रविवारी, जेव्हा मी धीर करून छावणीत त्यांच्या घरी गेलो.

अरुंद गल्ली, पत्र्याचं छप्पर, दाराला हिरवा पडदा. पायरीवर चपलांची रास. तारेनं बांधलेल्या स्लीपर, एक पट्टा तुटलेल्या, दोन-तीन फारच लहान, कुणाच्या तरी धाकट्या भावंडांच्या. आणि त्यांच्यात पट्ट्यांच्या नव्या कोऱ्या सँडल, ज्या केदारखेरीज त्या गल्लीत कुणाच्या असणं शक्य नव्हतं. आतून लताचा आवाज येत होता. "उणे खोड," म्हणून ती कुणालातरी दटावत होती. केदार खाली मानेनं काहीतरी लिहीत असेल, असं मला उगीच वाटलं.

पडदा बाजूला झाला आणि सर वाकूनच बाहेर आले. मला बघून दचकले, खांदे वर गेले, मग ओळख पटली. बोट ओठांवर ठेवलं. मग पायरीवर बसून ते चपला गोळा करायला लागले, दोन्ही हातांत मावतील तेवढ्या, आणि आत नेऊन ठेवून परत आले.

"सर, संस्थेनं..." मी सुरुवात केली.

"मालूम है. केदार बोलला." ते दुसरी खेप उचलत होते. "दारात एवढ्या चपला दिसल्या की लोक मोजतात. मग विचारतात, कुणाच्या. मग विचारतात, कायकू." त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. एक स्लीपर निसटली, ती त्यांनी पुन्हा उचलली.

तिसऱ्या खेपेला पायरी रिकामी झाली. मी तिथंच उभा होतो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या. ते वाकले.

"सर, अहो, माझ्या राहू द्या. मी घेतो ना."

"नक्को. वेळ नाही." त्यांनी माझ्या चपला उचलल्या, धुळीसकट छातीशी धरल्या आणि पडदा खांद्यानं सारून मला म्हणाले, "चला लवकर. अंदर जागा है."